कालीबंगा
सिंधू संस्कृतीतील नागरीकरणाची पूर्वपीठिका दाखविणारे राजस्थानातील पुरातत्त्वीय स्थळ. हे हनुमानगढ जिल्ह्यात घग्गर नदीच्या कोरड्या पात्राच्या दक्षिण काठावर आहे. इटालियन विद्वान लुईजी पिओ तेस्सीतोरी यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथील टेकाडांची पाहणी केली; टेकाडांचे हडप्पा (सिंधू) संस्कृतीशी असलेले नाते पुढे पुरातत्त्वज्ञ अमलानंद घोष यांनी ओळखले. बी. बी. लाल व बी. के. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे १९६०–६९ दरम्यान उत्खनन केले.

विकसित हडप्पा काळातील (या संस्कृतीची नगरे भरभराटीस आली तो काळ) बालेकिल्ल्याखाली त्याहून जुनी वसाहत मिळाली. तिचा काळ सामान्यतः इ. स. पू. सु. ३००० ते २७०० धरतात. काहींच्या मते तो थोडा अलीकडे येतो. वसाहतीभोवती कच्च्या विटांचा तट होता. सुरुवातीस सु. १.९ मी. जाड असलेला हा तट नंतर जवळजवळ दुप्पट रुंद केलेला दिसतो. विटा ३० × २० × १० सेंमी., म्हणजे ३:२:१ प्रमाणाच्या. विकसित काळात हे प्रमाण ४:२:१ झाले. माप बदलले, तरी ठराविक मापाची वीट पाडण्याची रीत नगरांच्या आधीच रुळली होती, हे यावरून स्पष्ट होते. पक्की वीट मात्र क्वचित आढळते. एका घराच्या मोरीत ती वापरलेली आहे.

तटाबाहेर आग्नेयेस नांगरलेले शेत उघडकीस आले. त्यातील तास (नांगराने पडलेल्या सऱ्या) परस्परांना काटकोनात छेदतात: पूर्व-पश्चिम तासांतील अंतर सु. ३० सेंमी., तर दक्षिणोत्तर तासांतील सु. १.९ मी. या भागात जवळच्या तासांत हुलगा व लांबच्या तासांत मोहरी पेरण्याची पद्धत उत्खननाच्या काळीही होती. त्यावरून येथे दुपिकी (एकाच शेतात एका वेळी दोन पिकांच्या) शेतीचे अनुमान केले जाते. त्या शेतातले पीक मात्र हाती आलेले नाही.

या जुन्या वसाहतीच्या थराच्या नावाविषयी मतभेद आहेत. घोष यांनी त्याचा संबंध सोथी संस्कृतीशी (राजस्थानातील सोथी या स्थळावरून नाव पडलेली संस्कृती) जोडून तिला हडप्पा संस्कृतीचा पाया मानले. थापर यांनी मृत्पात्रांचे ‘ए’ ते ‘एफ’ (A–F) असे सहा प्रकार पाडले व हा काळ ‘हडप्पापूर्व’ म्हटला. पुरातत्त्वज्ञ एम. आर. मुघल यांनी १९७० मध्ये अशा स्थळांसाठी ‘आद्य हडप्पा’ (हडप्पा संस्कृतीचाच आरंभीचा टप्पा) ही संज्ञा सुचविली. विटा, तट व काही मृत्पात्रे यांतील सातत्य पाहता ती अधिक सयुक्तिक वाटते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्खनन-अहवालानेही तीच स्वीकारली.

या वसाहतीचा शेवट भूकंपाने झाला, असे थरांतील भेगांवरून लाल यांनी प्रतिपादिले आहे. त्यानंतरच्या नगरात बालेकिल्ला व खालचे शहर असे दोन तटबंद भाग होते. रस्त्यांच्या रुंदी १.८ मी.च्या पटीत (३.६, ५.४, ७.२ मी.) आढळतात. येथील तथाकथित अग्निवेदींच्या (अग्नी पेटविण्याचे खड्डे) धार्मिक उपयोगाबद्दल एकमत नाही.