थ्रीडीत 'अवतार'चं पाणी काळपट का दिसतं?

'अवतार : द वे ऑफ वॉटर' हा दुसरा भाग १६ डिसेंबर २०२२ रोजी प्रदर्शित झाला. कथेत फारसं नवं नाही, पण पाण्यासाठी हा सिनेमा पाहावाच. लाटेच्या खालून वर पाहताना फुटणारा उजेड, प्रवाळांवर सरकणारी उन्हाची जाळी, ओल्या कातडीवरचे थेंब... थ्रीडीत हे सगळं विलक्षण जिवंत वाटतं. तरीही नाशिकच्या मल्टिप्लेक्समधून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य असतंच : "भारी होता, पण अंधारा वाटला. चष्मेच खराब असतील." हा त्या चष्म्यांवर अन्याय आहे.

प्रकाश ही लहर आहे, हे शाळेत शिकलेलं असतं. लहर ज्या दिशेला जाते तिच्याशी काटकोनात तिचं कंपन होतं. हे कंपन एकाच ठरावीक दिशेत असलं, तर तो प्रकाश रेषीय ध्रुवित. कंपनाची दिशाच स्क्रूच्या आट्यांसारखी फिरत पुढे गेली, तर तो वर्तुळाकार ध्रुवित; आणि स्क्रूप्रमाणेच हे फिरणं उजवं किंवा डावं असू शकतं. थ्रीडीच्या सर्वांत प्रचलित पद्धतीत प्रोजेक्टर एकच असतो. नेहमीच्या २४ फ्रेमच्या सिनेमात तो डाव्या आणि उजव्या डोळ्याची चित्रं आलटून पालटून, प्रत्येकी तीनदा दाखवतो : २४ × ३ × २, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा. भिंगापुढची द्रव-स्फटिकाची काच तितक्याच वेळा प्रकाशाचं फिरणं उजव्याचं डावं आणि डाव्याचं उजवं करते.

खरी करामत पुढे आहे. चष्म्याच्या प्रत्येक काचेत दोन थर असतात. पडद्याकडच्या थरात एका दिशेचं कंपन तिच्या काटकोनातल्या कंपनापेक्षा किंचित हळू पुढे सरकतं. थराची जाडी अशी ठेवतात की, ते नेमकं पाव तरंगलांबी मागे पडावं. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश म्हणजे तरी काय? सारख्या ताकदीची, काटकोनातली दोन कंपनं, पाव तरंगलांबीच्या अंतराने चालणारी. थराने त्यात आणखी पाव मिळवली की अंतर अर्ध्या तरंगलांबीचं होतं, पाव वजा केली की शून्य. दोन्ही वेळा फिरणं थांबतं आणि सरळ कंपन उरतं. मात्र उजव्याचं एका दिशेत, डाव्याचं तिच्या काटकोनात. डोळ्याकडचा दुसरा थर, म्हणजे ध्रुवक, त्यातलं एकच आत सोडतो : एका डोळ्यात उजव्याचं, दुसऱ्यात डाव्याचं. हे 'पाव' साधारण मधल्या, हिरव्या रंगालाच नेमकं जुळतं. लाल आणि निळा थोडा निसटतो, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर लख्ख वस्तू आली की तिच्या कडेला जांभळट भूत, म्हणजे दुसऱ्या डोळ्याच्या चित्राची पुसट छाया दिसते.

एवढा खटाटोप का? साध्या रेषीय चष्म्यात मान २० अंश कलली, तर दुसऱ्या डोळ्याचं जवळपास १२ टक्के चित्र आत शिरतं आणि ४५ अंशांना निम्मं. वर्तुळाकार प्रकाशात अशी गळती होत नाही. अर्थात मान वाकडी ठेवून पाहिलं तर डोळे दुखतातच, कारण दोन चित्रांमधलं आडवं अंतर डोळ्यांच्या रेषेत राहत नाही.

आता उजेडाचा हिशेब. वेळेच्या वाटणीत निम्मा गेला, ध्रुवीकरणात उरलेल्याचा निम्मा, शिवाय प्रत्येक थर थोडा खातो. टूडी सिनेमाला १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) हे मानक आहे, थ्रीडीत डोळ्यापर्यंत अनेकदा साडेचारच्या आसपास पोहोचतो. साधा पांढरा पडदा ध्रुवीकरण विस्कटून टाकतो, म्हणून ॲल्युमिनियमचा लेप दिलेला चंदेरी पडदा लागतो. तो उजेड वाढवतो, पण समोरच्या बाजूला जास्त आणि कडेला कमी. तेव्हा तिकीट काढताना मधल्या खुर्च्या घ्या. कोपऱ्यातून हाच सिनेमा आणखी काळा दिसेल. जत्रेतल्या 'सेव्हन-डी'च्या पाट्यांना भुलू नका. तिथेही मिती तीनच असतात, बाकी खुर्ची हलते आणि पाणी उडतं.

हा चष्मा घालून आरशासमोर डावा डोळा मिटा. उघड्या उजव्या डोळ्यापुढची काच काळी दिसेल आणि मिटलेला डोळा स्पष्ट, कारण आरसा प्रकाशाचं फिरणं उलटं करतो. मग उन्हात गंगापूर धरणाच्या काठावर जा. सूर्याकडे तोंड करून, पण नजर खाली, पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन करून ठेवा. चष्मा नेहमीसारखा धरून फिरवला तर चकाकीत फरक पडणार नाही. उलटा, म्हणजे बाहेरची बाजू डोळ्याकडे करून फिरवला की एका स्थितीत चकाकी जवळजवळ नाहीशी होते. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश या कोनात आडवा ध्रुवित असतो आणि आता ध्रुवक थर त्याला आधी भेटतो.

या चष्म्यातून सूर्य मात्र कधीही पाहू नका. २ ऑगस्ट २०२७ला नाशिकमधून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. ग्रहणात गर्भवतीने भाजी चिरू नये, ही निव्वळ अंधश्रद्धा. उघड्या डोळ्यांनी सूर्य पाहू नये, हे शंभर टक्के खरं. ग्रहणाचा प्रमाणित चष्मा सूर्यप्रकाशाचा तीस हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी आत सोडतो. थ्रीडी चष्म्यातून तिसरा हिस्सा तरी थेट डोळ्यात जाईल.