एक तास राह्यला, एक तास राह्यलं

माझा मावसभाऊ पुण्याहून पहिल्यांदा आमच्या गावी आला, तेव्हा पराटीचं, म्हणजे कपाशीचं निंदण चालू होतं. यवतमाळ जिल्ह्यातलं काळ्या मातीचं वावर, म्हणजे शेत, पावसाने चार दिवस उघडीप दिलेली. चार वाजता त्याने धुऱ्यावरून हाक मारली, "मावशी, अजून किती?" आई मान वर न करता म्हणाली, "एक तास राह्यलं रे बापू, मंग निंगू." त्याने घड्याळ पाहिलं आणि नाल्याकडे फिरायला गेला. वीस मिनिटांत आईचं काम आटोपलं. पाच वाजता तो परत आला, तोवर ती त्याला शोधून थकली होती.

आईने वेळ सांगितलीच नव्हती. पराटीची एक ओळ निंदायची राहिली आहे, एवढंच ती म्हणाली होती. आमच्याकडे पेरणीच्या रेघेला आणि तिच्यातून उगवलेल्या पिकाच्या ओळीला तास म्हणतात. तीन फणांच्या तिफनीच्या एका फेरीत तीन तासं पडतात. कपाशीच्या काही ओळींमागे तुरीचं एक तास धरतात. पेरणाऱ्याचा हात किती सरळ, ते त्याच्या तासावरून गाव ओळखतं.

खरं तर आईने खूण दिली होती. घड्याळाचा तास पुल्लिंगी, वावरातलं तास नपुंसकलिंगी. वेळ असती तर ती 'राह्यला' म्हणाली असती. सारा अर्थ शेवटच्या एका स्वरावर तोललेला होता आणि पुण्याच्या कानाने तो स्वर बोलीची लकब म्हणून सोडून दिला.

हे दोन तास एका घरचे नाहीत. घड्याळाचा तास फारसी-अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ पसरट भांडं, वाटी. आपल्याकडे पूर्वी वेळ मोजायची ती घटिकापात्राने. घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची वाटी तरंगत ठेवायची. तिच्या बुडाच्या बारीक भोकातून पाणी वर येत राहतं आणि वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. अशा ६० घटकांचा एक दिवस. लग्नाचा मुहूर्त असाच साधत. वेळ झाल्याचं लोकांना कळवायला धातूच्या थाळीवर टोला देत. ती थाळी म्हणजे तास. मग थाळीचं नाव टोल्याला आणि टोल्याचं नाव दोन टोल्यांमधल्या वेळेला लागलं. साठ मिनिटांचं इंग्रजी माप आलं, तेव्हा हाच शब्द त्याच्या कामी आला. पुढे शाळेने तो उचलला. गणिताचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांतच संपतो, तरी तो तासच. फ्रेंच आणि जर्मन भाषांत कपाला जे शब्द आहेत, तेही याच भांड्याचे वंशज. जेवणानंतर हात धुवायचं जुन्या वाड्यातलं तस्तसुद्धा याच कुळातलं.

वावरातलं तास मात्र तासणे या क्रियापदाच्या नात्यातलं. सुतार लाकूड तासतो, फाळ जमीन तासत जातो. संस्कृतात 'तक्ष्' हा धातू आहे आणि सुताराला 'तक्षन्' म्हणतात. ग्रीक भाषेतला सुतारासाठीचा 'टेक्टॉन' हा शब्द त्याचाच भाऊबंद.

भांडं, थाळी, टोला, साठ मिनिटं, शाळेतला तास हे सगळे अर्थ एकाच वेलीवरचे. अशा शब्दांसाठी फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ च्या आपल्या ग्रंथात 'पॉलिसेमी' ही संज्ञा वापरली. आपण तिला अनेकार्थता म्हणू. वेळेचा तास आणि पिकाचं तास हे मात्र वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच नावावर थांबलेले दोन शब्द. हा फरक पंडितांच्या सोयीसाठी केलेला नाही, मेंदूलाही तो जाणवतो. मानसशास्त्रज्ञ जेनिफर रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की एकमेकांशी निगडित अनेक अर्थ असलेला शब्द माणूस जास्त झटकन ओळखतो. तेच अर्थ परस्परांशी असंबद्ध असतील, तर ओळखायला किंचित उशीर होतो.

वाक्य ऐकताना आपल्याला हवा तेवढाच अर्थ मनात येतो, असं आपल्याला वाटतं. १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी याची फार सुरेख परीक्षा घेतली. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा आणि 'बग' म्हणजे चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्रही. लोकांना एक वाक्य ऐकवलं: त्या माणसाला खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर 'बग' सापडले. कोळी-झुरळांनंतर शंकेला जागाच नाही. पण 'बग' कानावर पडताच त्यांच्यासमोरच्या पडद्यावर काही अक्षरं झळकत आणि तो खरा शब्द आहे की नाही, ते पटकन सांगायचं असे. 'मुंगी' आली, उत्तर चटकन आलं. ते अपेक्षितच होतं. पण 'हेर' आला, तरी उत्तर तेवढंच चटकन आलं. अगदी असंबद्ध असलेल्या 'शिवणे'ला मात्र वेळ लागला. म्हणजे किड्यांच्या वाक्यातही गुप्तहेर क्षणभर जागा झाला होता. पडद्यावरची अक्षरं फक्त तीन अक्षरोच्चार उशिरा दाखवली, तर तो विझलेला असे. उरे फक्त मुंगी.

दोन्ही अर्थ उठतात आणि मागची-पुढची वाक्यं त्यातला एक बसवतात. हे सेकंदाच्या आत होतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आईच्या कानात 'तास' पडतो, तेव्हा तिच्याही मनात घड्याळ क्षणभर चमकत असणार. हातात खुरपं आणि समोर पराटी असताना ते टिकत नाही, इतकंच.

पण आधी जोरात उठतो तो कोणता? याचं उत्तर मला सगळ्यात जवळचं वाटतं. रॉड यांच्याच गटाने २०१६ मध्ये हौशी नावाड्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीत 'फेदर' म्हणजे पीस. वल्हवणाऱ्यांच्या बोलीत मात्र वल्ह्याचं पातं पाण्याबाहेर आडवं करणे म्हणजे 'फेदर'. असे शब्द २१३ नावाड्यांपुढे ठेवले. जितकी जास्त वर्षं वल्हवण्यात गेलेली, तितका नावेतला अर्थ जास्त वेळा सुचला. त्याच दिवशी वल्हवून आलेल्यांना तो आणखी जास्त सुचला, आणि नावेतून उतरून त्यांना साधारण आठ तास झालेले होते. शब्दकोशातला अर्थांचा क्रम छापून पक्का झालेला असतो. डोक्यातला क्रम हाताच्या कामाप्रमाणे रोज हलतो.

म्हणून एक जुनी गोष्ट मला अजून सलते. पाचवीत असताना निबंधात मी 'आम्ही धुऱ्यावर बसून जेवलो' असं लिहिलं होतं. वही परत आली, तेव्हा 'धुऱ्यावर' लाल शाईने खोडून वर 'बांधावर' लिहिलेलं होतं. धुरा म्हणजे जोखड, जबाबदारी, एवढंच पुस्तकाला ठाऊक होतं. पण आमच्या जिल्ह्यात दोन वावरांच्या मधली उंच पट्टी म्हणजे धुरा. त्यावर बाभळी, निंब, हिवर असतात आणि त्याच्या वीतभर जागेवरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, बैलजोडी हाकणारा तो धुरकरी, हा त्याच शब्दाचा तिसरा संसार. यातला एकही अर्थ चुकीचा नाही. वावराचंही तसंच. 'शिवारात बिबट्याचा वावर' ही बातमी वाचून आमच्या गल्लीतल्या एका पोरीने विचारलं होतं, "बिबट्याले कितीक एकर हाय?" ती तिच्या भाषेत अचूक वाचत होती.

एकेका नावावर इतके अर्थ लादण्यापेक्षा भाषा प्रत्येक अर्थाला नवा शब्द का देत नाही? २०१२ मध्ये पियान्तादोसी, टिली आणि गिब्सन या संशोधकांनी याचं उत्तर मांडलं. आजूबाजूचा संदर्भ बरंच काही सांगत असतो, त्यामुळे छोटे, उच्चाराला सोपे शब्द पुन्हा पुन्हा वापरणं भाषेला परवडतं. इंग्रजी, जर्मन आणि डच या तिन्ही भाषांत त्यांना असंच आढळलं की आखूड, वापरातले शब्दच जास्त अर्थ वाहतात. 'तास' दोन अक्षरांचा आहे.

मावसभाऊ आमच्याकडे आठ दिवस राहिला. रोज आईबरोबर वावरात गेला, दोन-तीन ओळी निंदल्या, हाताला फोड आणले. परतीच्या दिवशी एसटीतून त्याचा फोन आला. यवतमाळ किती दूर आहे, असं त्याने कंडक्टरला विचारलं होतं आणि ते म्हणाले होते, "एक तास राह्यला." मावसभाऊ सांगत होता, "ऐकलं आणि आधी डोळ्यांपुढे पराटीच आली. घड्याळ मागून आलं."