नवऱ्याची सही नसली तरी

"नवऱ्याची सही नसेल तर गर्भपात बेकायदा" हा मेसेज कोल्हापुरात महिलांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. परवा शेजारच्या वहिनी जिन्यातच थांबून हळूच म्हणाल्या, "ताई, हे पुण्याला कामाला. सही कुठनं आणू?"

सही लागत नाही. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा उघडा, कलम ३, पोटकलम ४ वाचा. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. मुलगी अल्पवयीन असेल किंवा मानसिक आजार असेल, तरच पालकाची लेखी संमती लागते. दवाखान्यात भरायचा संमतीचा 'फॉर्म सी' मागून बघा. त्यात नवऱ्याच्या सहीसाठी रकानाच नाही.

गैरसमज होणं साहजिक आहे. ऑपरेशन म्हटलं की नातेवाइकाची सही मागायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. शिवाय गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे, त्यामुळे सगळाच गर्भपात गुन्हा वाटतो. तसं नाही. कायद्यातल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. ठरावीक परिस्थितीत दोघांच्या मताने २४ पर्यंत.

मला काळजी वाटते ती सहीवाचून घरी परतणाऱ्या बाईची. मग कुणीतरी गर्भ पाडायला काडी घालायचं सुचवतं, कुणी न तपासता गोळ्या आणून देतं. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटू शकते. जगातले ९७ टक्के असुरक्षित गर्भपात विकसनशील देशांत होतात.

गोळ्या घेऊन झाल्या असतील आणि सलग दोन तास, तासाला दोन पॅड भिजत असतील, तर लगेच दवाखाना गाठा.