कथेतली अंतराळकुपी खाली कशी उतरते

माणसाला अवकाशात धाडणाऱ्या कथेत वर जाणं सोपं असतं. उलटे आकडे मोजले, धूर सोडला, की झालं उड्डाण. लेखकाचा कस लागतो तो पुढे: आतला माणूस श्वास कशावर घेतो, आणि तो परत कसा येतो? सुरुवातीच्या मानवी अंतराळफेऱ्यांवरच्या कथा कितपत खऱ्या वाटतात, हे बहुतेक वेळा या दोन प्रश्नांवरच ठरलेलं आहे. आणि त्यांची उत्तरं लेखकांच्या हाती एकदम नाही, थोडी थोडी आली.

ज्यूल व्हर्नपासून सुरुवात करावीच लागते. १८६५ सालच्या त्याच्या कादंबरीत तीन माणसं तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघतात. फ्लोरिडातली ही तोफ नऊशे फूट, म्हणजे साधारण २७४ मीटर लांब. पृथ्वीची ओढ तोडायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. तो एवढ्याशा अंतरात गाठायचा, तर आतल्या माणसांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तेवीस हजार पट भार येतो. व्हर्नने धक्का शोषायला तळाशी तीन फूट पाण्याचा थर दिला आहे, पण त्याने काही साधत नाही. प्रवासी पाण्यासकट चेपले गेले असते. माणूस पाठीवर झोपून काही क्षण पंधरा-वीस पट भार सोसू शकतो, त्यापलीकडे फारसा नाही.

याच व्हर्नने हवेचा हिशोब मात्र चोख केला. पोटॅशियम क्लोरेट तापवून ऑक्सिजन मिळवायचा आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅशने शोषून घ्यायचा. जवळपास शंभर वर्षांनी व्होस्तोक या सोव्हिएत यानात हेच काम एकाच रसायनावर सोपवलं गेलं. ते हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड शोषून बदल्यात ऑक्सिजन सोडत असे. वजनरहित अवस्थेत मात्र व्हर्नची गोची झाली. प्रवासी मेलेला कुत्रा बाहेर टाकतात, तो यानाबरोबरच तरंगत जातो; हे अगदी बरोबर. पण आतली माणसं बहुतेक वाटभर जमिनीवर उभी! दोन्ही वस्तू एकाच वेगाने पडताहेत, तर एक तरंगेल आणि दुसरी उभी राहील हे कसं? पृथ्वी आणि चंद्राची ओढ जिथे सारखी होते तिथेच वजन जातं, असं त्याने धरलं. हा घोळ आजही मिटलेला नाही. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ असं वाक्य आजच्या कथांतही सर्रास सापडतं. प्रत्यक्षात ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या ८८ टक्क्यांइतकं असतं. यान सतत पडत असतं म्हणून वजन जाणवत नाही.

मराठीत ही चंद्रयात्रा १९०० च्या सुमारास ‘केरळकोकीळ’ मासिकातून आली, आणि पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला घरोघरच्या मुलांपर्यंत नेलं. म्हणजे आपल्याकडे अंतराळप्रवासाची पहिली कल्पना तोफेची होती.

तोफ जाऊन रॉकेट आलं ते १९२९ साली, बर्लिनमध्ये. फ्रिट्झ लांगच्या चंद्रप्रवासावरच्या मूकपटाला सल्लागार होता रॉकेटतज्ज्ञ हेर्मान ओबेर्थ. टप्प्याटप्प्याने गळून पडणारं द्रव इंधनाचं रॉकेट, प्रवेग सोसायला आडवे झोपलेले प्रवासी, वजन गेल्यावर पाय अडकवायला पट्टे, शिवाय पडद्यावर शून्यापर्यंत उलटी मोजणी. चंद्रावर श्वास घेण्याजोगी हवा दाखवण्याचा मोह टळला नाही, ते सोडून देऊ. रशियात १९३६ च्या अशाच एका चित्रपटाला रॉकेटविद्येचा प्रणेता खुद्द त्सिओल्कोव्स्की याचा सल्ला होता. तो पडद्यावर येण्याआधीच त्याचं निधन झालं.

मग १२ एप्रिल १९६१ उजाडला, युरी गागारिन अवकाशात जाणारा पहिला माणूस ठरला, आणि इथे मजेशीर उलटापालट झाली. गोष्ट खरी घडली, पण तिचा तपशील कुलूपबंद राहिला. गागारिनच्या व्होस्तोकला वेग कमी करणारं इंजिन एकच होतं, त्याला पर्याय नव्हता. म्हणून कक्षा मुद्दाम खालची ठरवली होती. इंजिन पेटलंच नाही, तरी विरळ हवेच्या घर्षणाने यान दहा दिवसांत आपोआप खाली यावं आणि तेवढी शिधासामग्री आत असावी, हा हिशोब. प्रत्यक्षात वर नेणारं रॉकेट उशिरा बंद झालं आणि कक्षेचा वरचा बिंदू ३२७ किलोमीटरवर गेला. इंजिन दगा देतं, तर दहा दिवसांचा शिधा पुरला नसता. ते नीट चाललं; पण मागचा यंत्रभाग तारांच्या जुडग्याने गागारिन बसलेल्या गोल कुपीला लटकून राहिला आणि दहा मिनिटं दोन्ही गरगरत होते. तारा उष्णतेने जळाल्या तेव्हा सुटका झाली. शेवटी सात किलोमीटर उंचीवर गागारिन आसनासकट बाहेर फेकला गेला आणि वेगळ्या पॅराशूटने उतरला.

यातलं काहीच तेव्हाच्या कथालेखकाला मिळालं नाही. उड्डाणविक्रमाच्या नियमानुसार वैमानिकाने यानातूनच उतरणं आवश्यक होतं, म्हणून पॅराशूटची गोष्ट सोव्हिएत अधिकाऱ्यांनी जवळपास दशकभर दाबून ठेवली. गागारिन १९६१ च्या अखेरीस मुंबईत आला, तेव्हाच्या अधिकृत हकिगतीत ती नव्हती. रॉकेटचं खरं रूपही जगाने पाहिलं ते १९६७ च्या पॅरिस हवाई प्रदर्शनात. नासाने मात्र संभाषणं, वेळा, चुका सगळं छापून टाकलं. लेखकांनी साहजिकच तिथून उचललं. कथांमधल्या कुप्या हमखास समुद्रात पडतात आणि वर हेलिकॉप्टर घिरट्या घालतं, त्याचं कारण हेच. कझाकस्तानच्या गवताळ माळावर उतरणारी कुपी कथेत क्वचितच भेटते.

नासाच्या कागदांतलं सर्वांत कसदार प्रकरण आमच्या मते अंतराळवीर स्कॉट कार्पेंटरचं, २४ मे १९६२. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला ७.८ किलोमीटर. खाली यायला त्यातले शंभर-दीडशे मीटर कमी केले की पुरे, उरलेलं काम हवा करते. मर्क्युरी या त्याच्या एकट्याच्या यानात त्यासाठी तीन छोटी घन इंधनाची रॉकेटं होती, पाच-पाच सेकंदांच्या अंतराने पेटणारी. कार्पेंटरचं यान त्या क्षणी आडव्या दिशेत २५ अंश वाकडं होतं: चूक २८० किलोमीटरची. रॉकेटं तीन सेकंद उशिरा पेटली: आणखी २४. त्यांचा जोर तीन टक्के कमी पडला: आणखी ९५ च्या आसपास. बेरीज चारशे. मुंबईसमोरच्या समुद्रात उतरायचं आणि पणजीसमोर सापडायचं, एवढा फरक. वाटेत त्याने आपोआप चालणारी आणि हाताने चालवायची अशा दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालू ठेवल्याने यान वळवायचं हायड्रोजन पेरॉक्साइडही भराभर संपलं होतं. खलनायक नाही, उल्का नाही, परग्रहवासी नाहीत. अंश आणि सेकंद, बस्स.

हे ज्याला नेमकं उमगलं तो लेखक म्हणजे मार्टिन केडिन. त्याच्या १९६४ च्या कादंबरीत मर्क्युरीची ती रॉकेटं पेटतच नाहीत. अंतराळवीर कुपी हवी तशी वळवू शकतो, पण वेग कमी करू शकत नाही. कक्षा आपोआप ढासळेल, पण त्याआधी ऑक्सिजन संपेल. पूर्ण कथा या दोन मुदतींच्या फरकावर उभी आहे. १९६९ च्या अखेरीस तिच्यावर अपोलोच्या काळाला साजेसा चित्रपट आला आणि काही महिन्यांतच, एप्रिल १९७० मध्ये, अपोलो १३ चा ऑक्सिजन खरंच गेला. तिथेही अडचण श्वासाचीच झाली. अंतराळवीर चांद्रयानात आश्रयाला गेले, पण कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे मुख्य यानात चौकोनी आणि चांद्रयानात गोल. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी वापरून ते जोडले गेले. असा प्रसंग कल्पनेने लिहिला असता तर संपादकाने ओढूनताणून आणलेला म्हणून कापला असता.

एक गोष्ट अजूनही जवळपास सगळ्याच कथा चुकवतात, ती म्हणजे संपर्क. साठच्या दशकात जमिनीवरचं एखादं केंद्र खालच्या कक्षेतल्या यानाशी जेमतेम पाच-सात मिनिटं बोलू शकत असे. मग पुढचं केंद्र येईपर्यंत शांतता. मार्च १९६६ मध्ये जेमिनी ८ या अमेरिकी यानाचा, यान वळवणारा एक झोत-नळ उघडाच अडकला आणि यान गिरक्या घेऊ लागलं. नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट तेव्हा संपर्काबाहेर होते. दोष जोडलेल्या अजेना या मानवरहित यानाचा असावा, असं समजून त्यांनी ते सोडलं. वस्तुमान घटल्याने गिरकी आणखी वाढली, सेकंदाला जवळजवळ एक फेरा. परतीसाठी राखलेले झोत वापरून आर्मस्ट्राँगने ती थांबवली, आणि ते वापरले म्हणून नियमाप्रमाणे मोहीम तिथेच संपवावी लागली. कथेत मात्र मुख्यालयातले अधिकारी अशा वेळी कानाशी अखंड सूचना देत असतात.

मराठी विज्ञानकथा या वाटेने फारशी गेली नाही. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले जयंत नारळीकर ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने उतरले आणि जिंकले. कथेचं नाव ‘कृष्णविवर’. विश्वरचना, काळ, गुरुत्वाकर्षण या कल्पनांचा ओढा तिथून पक्का झाला. झडपा, डबे आणि रॉकेटांच्या सेकंदांकडे लक्ष कमी गेलं. तेव्हा अंतराळवीरांची कुपी हा आपल्या अनुभवाचा भाग नव्हता, हेही खरं. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये गेले ते सोव्हिएत यानातून.

आता कच्चा माल घरचा आहे. विक्रोळीत इस्रोसाठी रॉकेटची ‘विकास’ इंजिनं बनतात, आणि २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याला झालेली गगनयानाची उड्डाणातली पहिली सुटका-चाचणी त्याच जातीच्या इंजिनावर झाली. सकाळी मोजणी अगदी पाच सेकंदांवर येऊन संगणकाने थांबवली. दोष शोधून दहा वाजता उड्डाण झालं. सुमारे बारा किलोमीटरवर सुटका-यंत्रणेने रिकामी कुपी ओढून काढली, पॅराशूटं उघडली, कुपी किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर समुद्रात पडली. सापडली ती उलटी. आत माणसं असती तर पट्ट्यांना डोकं खाली करून लटकली असती. अपोलो ११ ची कुपीही जुलै १९६९ मध्ये अशीच उलटी पडली होती. त्या अवस्थेत वरचे अँटेना पाण्याखाली जातात आणि रेडिओ मुका होतो. टोकाच्या तीन पिशव्यांत हवा भरली की काही मिनिटांत कुपी सरळ होते. गगनयानाच्या कुपीलाही आता सरळ होण्यासाठी तशीच सोय करावी लागते आहे.