भेदराचे रोप लांबते तेव्हा

सप्टेंबरच्या शेवटीही पाऊस उघडत नाही, काळ्या जमिनीला वाफसा, म्हणजे लागवडीजोगी बेताची ओल, येत नाही आणि छपरीत ठेवलेले टोमॅटोचे, म्हणजे आमच्या वऱ्हाडी बोलीतल्या भेदराचे, रोप मात्र वाढतच राहते. 25 ते 30 दिवसांत लावायचे रोप 40 दिवसांचे होते, वीतभराहून उंच होऊन उजेडाच्या अंगाला झुकते, आणि घरी येणारा प्रत्येक जण कौतुकाने म्हणतो, "रोप मोठं जोमात आहे!" ही उंची जोमाची नसून उजेडाच्या उपासमारीची आहे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

वनस्पतीला डोळे नसले तरी प्रकाशाचा रंग तिला कळतो. तिच्या पेशींत फायटोक्रोम नावाचे प्रथिन असते आणि त्याची दोन रूपे असतात. सुमारे 660 नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाने ते सक्रिय होते, तर सुमारे 730 नॅनोमीटरच्या, आपल्याला जेमतेम दिसणाऱ्या दूर-तांबड्या प्रकाशाने पुन्हा निष्क्रिय होते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील शासकीय कृषी संशोधन केंद्रात 1952 साली लेट्यूस या सॅलडच्या पालेभाजीच्या बियांवर हे दोन्ही प्रकाश आलटून पालटून टाकण्यात आले, तेव्हा बी रुजणार की नाही हे केवळ शेवटच्या झोताच्या रंगावर ठरते असे दिसले. इतकी साधी आणि इतकी अचूक कळ निसर्गाने बियाण्यात बसवली आहे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आता हीच कळ आपल्या रोपांच्या ट्रेमध्ये पाहू. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते, पण दूर-तांबडा बराचसा आरपार जाऊ देते किंवा परतवते. त्यामुळे दाटीत वाढणाऱ्या रोपावर शेजाऱ्याच्या पानांतून आलेला दूर-तांबडा प्रकाश पडतो, आणि छपरीत मुळातच उजेड कमी असल्याने सक्रिय फायटोक्रोम आणखी घटते. हे सक्रिय रूप खोडाची लांबी वाढवणाऱ्या काही प्रथिनांना लगाम घालत असते. लगाम सुटला की पानांत ऑक्झिन हे संप्रेरक जास्त तयार होते आणि खोडात उतरते. तेथे ते पेशीपटलावरील पंपांना चालना देते, हायड्रोजनचे आयन पेशीभित्तिकेत ढकलले जातात, आम्लतेमुळे भित्तिका सैल पडते आणि आत पाणी शिरून पेशी लांबीला ताणली जाते. म्हणजे वाढलेल्या उंचीत नवी घडण थोडी आणि पाण्याचा ताण फार असतो. असे एक खोड मी नखाने दाबून पाहिले, तर अळूच्या कोवळ्या देठासारखे ते पाणी सोडून चपटे झाले.

रोप आडवे पडले की कोणाची तरी नजर लागली असे म्हणून ट्रेला काळा दोरा बांधणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि टॉनिकाची बाटली घेऊन येणारीही. उजेडाची कमतरता दोऱ्याने भरून निघत नाही, आणि वरून युरिया दिल्यास खोड आणखीच लुसलुशीत होते.

दिलासा याच ऑक्झिनमध्ये आहे. भेदराच्या खोडाच्या तळाशी मोहरीहून बारीक, पांढरट फुगवटे बोटाला लागतात. ती मुळांची सुरुवात असते. ओल आणि अंधार मिळाला की तेथे साचणारे ऑक्झिन खोडातूनच नवी मुळे फोडते. म्हणून लांबट रोपाची खालची पाने काढून, शेंड्याकडची चार-पाच पाने वर ठेवून, उरलेले खोड मातीत पुरावे. मात्र आपल्या भारी जमिनीत उभा खोल खड्डा करू नये, कारण पावसानंतर तेथे हवा राहत नाही आणि मुळे गुदमरतात. वरंब्यावर उथळ चर काढून खोड तिरपे निजवावे. शेंडा हाताने वाकवू नये, कारण तसे केल्यास तो मोडतो; न वाकवताही तो एक-दोन दिवसांत आपोआप वर वळतोच. आधारासाठी बांबू रोवताना खोड कोणत्या बाजूला निजवले आहे, ते लक्षात ठेवावे. मिरची-वांग्याच्या खोडाला इतक्या सहज मुळे फुटत नाहीत, आणि कलमी टोमॅटोचा जोड तर मातीखाली जाताच कामा नये.

त्याआधी सात ते दहा दिवस रोपाला बाहेरची सवय लावणे आवश्यक आहे. सावलीत वाढलेल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात ते एका दुपारीत कागदासारखे पांढरे पडते. पहिल्या दिवशी सकाळचे तासभर ऊन द्यावे, मग रोज वाढवत न्यावे, आणि रोप कोमेजणार नाही इतपत पाणी कमी करावे. वाऱ्याने हललेले खोड बुटके व जाड होते. स्पर्शाने वाढीत होणाऱ्या या बदलाला मार्क जॅफे या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1973 साली शास्त्रीय नाव दिले. आमच्या घरी शाळेत जाण्यापूर्वी मुलगी पाने कोरडी असल्याचे पाहून रोपांवरून दहा-वीस वेळा हलका तळहात फिरवते.

लागवड संध्याकाळी करावी आणि दोन दिवस पळसाच्या पानांची सावली करावी. मागच्या हंगामात पंधराव्या दिवशी मी एक झाड हळूच उकरून पाहिले, तेव्हा निजवलेल्या खोडाला वीतभर लांबीत पांढऱ्या मुळांची झालर फुटली होती आणि कोकोपीटचा, म्हणजे ट्रेमधल्या नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, मूळचा गोळा तिच्या एका टोकाला लहानसा दिसत होता.