उंदराच्या गर्भातली जीभ: ठिपका आरएनएचा की प्रथिनाचा?

सस्तन प्राण्यांच्या जिभेवरच्या स्वादकलिकांचं, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांचं, पहिलं वर्णन १८६७ सालचं. जिभेचा मज्जातंतू कापला की त्या नाहीशा होतात, हे नऊ-दहा वर्षांनी दिसलं. मग मज्जातंतूच स्वादकलिका घडवतो, ही समजूत शंभरेक वर्षं टिकली. १९४१ साली चमकणारा रंग जोडलेलं प्रतिपिंड (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) आलं आणि एखादं प्रथिन ऊतीत नेमकं कुठे आहे, हे डोळ्यांनी पाहता येऊ लागलं. गर्भातल्या जिभेला मात्र त्याचा खरा उपयोग झाला तो नव्वदच्या दशकात, सॉनिक हेजहॉग हे जनुक सापडल्यावर.

साडेतेरा दिवसांच्या उंदराच्या गर्भाची जीभ तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठी नसते. या जनुकाच्या आरएनएसाठी, म्हणजे प्रथिन बनवायला पेशी काढते त्या जनुकाच्या नकलेसाठी, ती रंगवली, की मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना जांभळट ठिपक्यांच्या ओळी उमटतात. दोनेक दिवस आधी हाच रंग पृष्ठभागावर पसरट असतो. तो आकसत जातो आणि जिथे ठिपका उरतो तिथे फंजिफॉर्म पॅपिला, म्हणजे स्वादकलिका धारण करणारा जिभेवरचा छोटा उंचवटा, उगवते. मज्जातंतू तोवर वरच्या थरापर्यंत पोचलेलेही नसतात. जुनी समजूत डळमळली ती इथे. पुढे वंशरेषेचा, म्हणजे कोणत्या पेशीपासून पुढे कोणत्या पेशी बनतात याचा, माग काढणाऱ्या प्रयोगांतून याच ठिपक्यांतल्या पेशींपासून स्वादकलिका बनतात, हे स्पष्ट झालं.

घोळ झाला तो ‘अभिव्यक्ती’, म्हणजे जनुक चालू असणं, या शब्दामुळे. आरएनए दिसला तरी अभिव्यक्ती, प्रथिन दिसलं तरी अभिव्यक्ती. माझ्या मते या विषयातल्या निम्म्या गैरसमजांचं मूळ इथेच आहे. आरएनए सांगतो की प्रथिन कोणत्या पेशीत तयार होतंय. पण सॉनिक हेजहॉग पेशीबाहेर सोडलं जातं. त्याला प्रतिसाद देणारी जनुकं ठिपक्याभोवतीच्या पेशींत आणि खालच्या मेसेन्काइममध्ये (पृष्ठभागाखालच्या सैल ऊतीत) जागी होतात, म्हणजे काम दुसऱ्याच ठिकाणी चालतं. गर्भाची जीभ बशीत वाढवून हा संदेश रोखला, तर पॅपिला कमी न होता वाढतात. शेजारी पॅपिला उगवू न देणं हेही त्याचं एक काम. नुसत्या ठिपक्याकडे पाहून हे कुणालाही सुचलं नसतं.

बीटा-कॅटेनिन या प्रथिनाची तऱ्हा वेगळी. ते एपिथेलियमच्या (पृष्ठभागावरच्या थराच्या) जवळजवळ प्रत्येक पेशीच्या कडेला असतं, कारण पेशी एकमेकींना धरून ठेवण्यात त्याचा वाटा आहे. पण ते एक संदेशही पोचवतं, आणि तो संदेश चालू आहे की नाही, हे ते केंद्रकात शिरलंय का यावरून कळतं. अख्खा काप उजळला तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून २००७ च्या सुमारास या संदेशाची पॅपिलांमधली भूमिका दाखवताना रिपोर्टर उंदीर, म्हणजे संदेश चालू असलेली पेशी रंगून दिसावी असा जनुकीय बदल केलेले उंदीर, वापरले गेले. पण रिपोर्टरही पेशी दाखवतो, प्रथिनाची जागा नाही, आणि हा फरक मथळ्यांत हरवतो.

दिवसांच्या मोजणीचाही गोंधळ आहे: समागमाची खूण दिसली तो दिवस कुणी शून्य धरतं, कुणी अर्धा, कुणी एक. रॅटचा (उंदराच्या मोठ्या भावंडाचा) गर्भकाळ लांब, त्यामुळे तिथे पॅपिला पंधराव्या दिवसाच्या आसपास दिसतात.

गेल्या दशकात प्रौढ उंदरांवर झालेल्या कामाने मज्जातंतूला पुन्हा मध्यभागी आणलं. स्वादकलिका टिकवणारं सॉनिक हेजहॉग एपिथेलियमकडून येतं, तसंच मज्जातंतूंकडूनही येतं. मज्जातंतूंकडून येणाऱ्या प्रथिनाचा आरएनए जिभेपासून दूर, गँग्लियॉनमधल्या (चेतापेशींच्या गाठीतल्या) चेतापेशींत असतो.