मुलाखतीतला मुत्सद्दीपणा म्हणजे थाप नव्हे

"मुलाखतीत प्रामाणिक राहायचं की मुत्सद्दी?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता लिहायलाच हवं. ही दोन टोकं नाहीतच. दोन्ही एकाच उत्तरात बसतात.

प्रामाणिकपणा तुम्हाला ठाऊक आहे. एवढंच, की मनात येईल ते बोलून टाकणं वेगळं. जुन्या बॉसचे वाभाडे काढणारा उमेदवार जास्त खरा नसतो.

गल्लत होते ती मुत्सद्दीपणात. काय सांगायचं हे निवडणं म्हणजे मुत्सद्दीपणा. समोरच्याचा गैरसमज व्हावा अशी सोय करणं म्हणजे फसवणूक, मग शब्द खरे का असेनात. 'नरो वा कुंजरो वा' आठवा. अश्वत्थामा मेला हे खरंच होतं, द्रोणाचार्यांना जे वाटलं ते खोटं होतं.

बायोडेट्यात हे रोज दिसतं. नोकरी जानेवारी २०२२ मध्ये सुटली, पुढची डिसेंबर २०२३ मध्ये लागली. महिने गाळून '२०२० ते २०२२' आणि '२०२३ पासून' असं लिहिलं की एकही आकडा चुकीचा नाही, आणि मधले २२ महिने गायब. मुलाखत घेताना मी महिने विचारतेच, आणि तिथे चेहरा पडतो. तेच कुणी "घरात आजारपण होतं, ते निस्तरल्यावर शोधाला लागले" असं सांगितलं, की अर्ध्या मिनिटात आम्ही पुढच्या प्रश्नावर असतो. कोण आजारी, काय आजार, हे तिने सांगायची गरज नाही आणि मी विचारतही नाही.

म्हणून आधी प्रश्न नीट ऐका. "नोकरी का सोडली?" हा मोकळा प्रश्न आहे. बॉसशी पटत नव्हतं, पगार अडला होता, नवं शिकायला काही उरलं नव्हतं, अशी तीन खरी कारणं असतील तर तिसरं सांगा. तिथे निवडीचा हक्क तुमचा. पण "तुम्हाला काढलं होतं का?" असं थेट विचारलं, की निवड संपली. "हो. दोन तिमाही टार्गेट झालं नाही," असं म्हणा आणि त्यानंतर काय बदललंत ते सांगा. सांगायचंच नसेल तर "यावर बोलायचं नाही" हेही प्रामाणिक उत्तर आहे, फक्त त्याची किंमत मोजायची तयारी हवी. इथे "परस्परसंमतीने वेगळे झालो" असं गुळगुळीत बोलू नका. जुन्या ऑफिसात एक फोन गेला की ते उघडं पडतं.

आणि कृपा करून "माझी उणीव म्हणजे मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे वाक्य सोडून द्या. त्यात ना खरेपणा, ना चातुर्य. "कामं दुसऱ्यावर सोपवणं मला जड जातं, म्हणून हल्ली सोमवारीच वाटणी लिहून टाकते," असं कुणी म्हणालं की मी पेन खाली ठेवून ऐकते.